सोसायटीचा मासिक हिशेब एक्सेलकडे सोपवताना

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराचे महिनाअखेरचे काम बहुतेक ठिकाणी सारखेच असते. मागच्या महिन्याच्या शीटची प्रत काढायची, वरचे महिन्याचे नाव बदलायचे, बँकेच्या खातेउताऱ्यावर बोट ठेवून कोणाचे पैसे आले ते शोधायचे, थकबाकीचा रकाना हाताने दुरुस्त करायचा, व्याज लावायचे आणि मग एकेक बिल छापायला घ्यायचे. यातले जवळजवळ प्रत्येक काम एक्सेल स्वतः करू शकते. तरीही अनेक संस्थांमध्ये एक्सेलचा उपयोग रेघा मारलेल्या कागदासारखाच होतो, आणि कोणी स्वयंचलनाचा विषय काढला की चर्चा थेट मॅक्रोवर, म्हणजे ठरावीक कृती एका बटणावर करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर जाते. हा क्रम उलटा आहे. आधी नोंदींची मांडणी सुधारावी, मग सूत्रे लिहावीत, मग बँकेचा उतारा आपोआप आत घेण्याची सोय करावी, आणि एवढे झाल्यावर जे हाताने करायचे उरेल तेवढ्यापुरताच मॅक्रो लिहावा. मांडणी नीट झाली, तर मॅक्रोसाठी फारच थोडे काम शिल्लक राहते.

पुढील विवेचन साधारण पन्नास फ्लॅटची, मालमत्ता कर आणि पाणीपट्टी एकत्रित भरणारी संस्था डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती पुरेशी आहे. जेथे नवी आवृत्ती लागते तेथे तसे सांगितले आहे. फंक्शनांची आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी सूत्रात फंक्शनचे नाव रोमन अक्षरांतच टाइप करावे लागते.

आधी चार तक्ते

जुन्या पद्धतीच्या हिशेबात डावीकडे फ्लॅट क्रमांक आणि उजवीकडे एप्रिल ते मार्च असे बारा रकाने असतात. कागदावर ही मांडणी सोयीची होती, कारण एका नजरेत वर्ष दिसत असे. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती अडचणीची आहे. एका सभासदाने एकाच महिन्यात दोनदा पैसे भरले तर दोन रकमा एकाच सेलमध्ये कोंबाव्या लागतात, पैसे कोणत्या तारखेला आले हे हरवते, आणि नवे वर्ष लागले की नवी शीट उघडून सगळी सूत्रे नव्याने जोडावी लागतात. म्हणून नियम असा ठेवावा की जी घटना घडली तिची एक ओळ, आणि महिना हा रकान्याचा मथळा न होता ओळीतली एक नोंद असावी.

त्यानुसार फाइलमध्ये चार तक्ते लागतात. पहिला सभासदांचा: फ्लॅटचा संकेत, नाव, नळांची संख्या, वाहनतळाच्या जागा, फ्लॅटचा बांधकाम खर्च, मालक स्वतः राहतो की भाडेकरू आहे, आणि ईमेल. दुसरा दरांचा. तिसरा बिलांचा, ज्यात प्रत्येक फ्लॅटची दर महिन्याला एक ओळ पडते. चौथा जमेचा: तारीख, फ्लॅटचा संकेत, मुद्दलापोटी किती, व्याजापोटी किती, आणि धनादेशाचा किंवा व्यवहाराचा क्रमांक. बिलांच्या तक्त्यात सेवा शुल्क, पाणी, लिफ्ट, सिंकिंग फंड अशा बाबींचे रकाने आडवे ठेवायला हरकत नाही. काटेकोरपणे पाहिले तर त्यांचीही एकेक ओळ व्हायला हवी, पण बाबी क्वचितच बदलतात आणि बिल तपासणाऱ्या सभासदाला आडवे वाचणे सोपे जाते.

हे चारही तक्ते साध्या सेलमध्ये न ठेवता त्यांना एक्सेलचे औपचारिक टेबल करावे. त्यासाठी तक्त्यात कोठेही उभे राहून कंट्रोल आणि टी ही बटणे एकत्र दाबावीत, मथळ्यांची ओळ आहे या प्रश्नाला होकार द्यावा आणि वरच्या पट्टीत टेबलाला ओळखू येईल असे नाव द्यावे. याचा फायदा असा की टेबलाच्या खाली नवी ओळ लिहिताच टेबल वाढते, रकान्यातले सूत्र त्या ओळीत आपोआप उतरते, आणि त्या रकान्याची बेरीज करणाऱ्या प्रत्येक सूत्राला नवी ओळ आपोआप मिळते. ‘दुसऱ्या ओळीपासून पन्नासाव्या ओळीपर्यंत’ असे पत्ते सूत्रात लिहिले की एकावन्नावी ओळ केव्हातरी निसटतेच. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांच्या, सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्यावरील २०१० च्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्राचा पल्ला पाच ओळी अलीकडे थांबला होता, त्यामुळे पाच देश त्या सरासरीतून वगळले गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मिळवून २०१३ मध्ये ते दाखवून दिले. निबंधाच्या निष्कर्षावरील वादात इतरही मुद्दे होते, पण सूत्रातली ही चूक मात्र कोणत्याही सोसायटीच्या फाइलमध्ये सापडू शकेल अशीच होती.

जुनी बारा रकान्यांची वही टाकून द्यावी लागत नाही. ती शीट पॉवर क्वेरीमध्ये, म्हणजे बाहेरचा मजकूर आत घेऊन साफ करण्याच्या एक्सेलमधल्याच सोयीत उघडावी, फ्लॅट क्रमांकाचा रकाना निवडावा आणि उजव्या क्लिकवर येणारी ‘अनपिव्हट अदर कॉलम्स’ ही आज्ञा द्यावी. बारा आडवे महिने क्षणात उभ्या ओळी होतात. पन्नास फ्लॅटच्या एका वर्षाच्या सहाशे ओळी हाताने उतरवण्याची गरज राहत नाही. रिकामे सेल या आज्ञेत गळून पडतात, हे येथे सोयीचेच आहे.

संकेत, तारखा आणि लिपी

चारही तक्त्यांना जोडणारा दुवा म्हणजे फ्लॅटचा संकेत. तो ठरवताना थोडा विचार करावा, कारण नंतर बदलणे जिकिरीचे असते. दुसऱ्या इमारतीतला पाचवा फ्लॅट ‘२/५’ असा लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते, आणि एकदा तारीख झाली की मूळ मजकूर सेलमध्ये उरत नाही. हा त्रास एवढा सार्वत्रिक आहे की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ‘मार्च-१’ आणि ‘सेप्ट-१’ यांसारखी जनुकनामे एक्सेलमध्ये तारखा होतात म्हणून चक्क बदलली आणि २०२० मध्ये त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्याला एवढे करण्याची गरज नाही. संकेताची सुरुवात अक्षराने करावी आणि मजल्याचे दोन, फ्लॅटचे दोन असे ठरावीक अंक ठेवावेत, म्हणजे बी-०२०५. असा संकेत तारीखही होत नाही आणि क्रमवारीतही योग्य जागी बसतो.

जुळवणी सभासदाच्या नावावर करू नये, याला मराठीपुरते खास कारण आहे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह मिळूनही होतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, एक्सेलला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात, आणि शोध लागत नाही म्हणून माणूस तासभर सूत्रात चूक शोधत बसतो. संस्थेची जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फाँटमध्ये असेल तर प्रश्न आणखी वेगळा असतो. त्या फाइलमध्ये मुळात देवनागरी नसतेच, रोमन वर्ण असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. अशी यादी आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे डोळ्यांनी तपासूनच सभासदांच्या तक्त्यात घ्यावी.

तारखांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. एक्सेल तारीख ही संख्या म्हणून साठवते; १ एप्रिल २०२५ म्हणजे त्याच्या लेखी ४५७४८. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असेल, तर ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिलची नोंद निमूटपणे ४ मे होते, आणि १३/०४/२०२५ ला तेरावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर हाच रोग समजावा. विंडोजमध्ये प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ असा निवडल्यास हा प्रश्न सुटतो आणि रकमांचे स्वल्पविरामही लाख-कोटींप्रमाणे पडू लागतात. धनादेशाचे आणि खात्याचे क्रमांक भरण्यापूर्वी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, कारण संख्येच्या आधीची शून्ये एक्सेल पुसते आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करते.

फ्लॅटचा संकेत जेथे हाताने भरायचा आहे तेथे ‘डेटा व्हॅलिडेशन’ वापरून सभासदांच्या तक्त्यातलीच यादी लावावी. यादीबाहेरचा संकेत मग स्वीकारलाच जात नाही. स्वयंचलनाच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत साधा आहे आणि पुढची निस्तराई सर्वांत जास्त वाचवतो.

दर, आकारणी आणि व्याज

सूत्रात दर लिहू नये. सेवा शुल्काच्या सूत्रात १२०० हा आकडा टाकला आणि सर्वसाधारण सभेने तो १४०० केला, की सूत्र शोधून बदलावे लागते, आणि बदलताच मागच्या महिन्यांची बिलेही बदलून बसतात. त्याऐवजी दरांच्या तक्त्यात पहिला रकाना ‘कोणत्या तारखेपासून’ असा ठेवावा आणि दर बदलला की जुन्या ओळीला हात न लावता खाली नवी ओळ लिहावी. बिलाच्या तारखेला कोणता दर लागू होता हे एक्स-लुकअप शोधून देते. त्याच्या जुळवणीच्या पर्यायात उणे एक दिले की नेमकी तारीख सापडली नाही तर तिच्या लगतची आधीची ओळ घेतली जाते. एक्स-लुकअप हे फंक्शन एक्सेल २०२१ आणि ३६५ मध्ये आहे. त्याआधीच्या आवृत्तीत व्ही-लुकअपचा शेवटचा पर्याय ‘ट्रू’ ठेवून हेच काम होते, फक्त तारखा चढत्या क्रमाने असाव्या लागतात. सभेच्या ठरावाची तारीख आणि क्रमांक याच ओळीत शेजारच्या रकान्यात लिहून ठेवले, तर लेखापरीक्षकाच्या प्रश्नाला वेगळे उत्तर शोधावे लागत नाही.

आकारणीचे नियम आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीत बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, आणि ते सूत्रात उतरवणे अवघड नाही. सेवा शुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्व फ्लॅटना समान असतो, म्हणून तो दरांच्या तक्त्यातून थेट येतो. पाण्याचा आकार नळजोडांची संख्या व आकार पाहून ठरतो, म्हणून दर गुणिले सभासदांच्या तक्त्यातील नळ. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती व देखभाल निधी ०.७५ टक्के असतो. बांधकाम खर्च बारा लाख धरला, तर महिन्याला अनुक्रमे २५० आणि ७५० रुपये होतात. भाडेकरू असलेल्या फ्लॅटला बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, म्हणून त्या रकान्यात एक साधे ‘इफ’ पुरते. आपल्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींत काय आहे ते पाहूनच हे आकडे भरावेत.

व्याजाची बाब जरा थांबून पाहावी, कारण बहुतेक तंटे येथूनच निघतात. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळ व्याज लागते, आणि सर्वसाधारण सभा ठरवील तो दर वर्षाला २१ टक्क्यांच्या आत असावा लागतो. सरळ व्याज याचा अर्थ व्याजावर व्याज नाही. एकच ‘एकूण थकबाकी’ रकाना ठेवून त्यावर दर महिन्याला टक्केवारी लावणारी शीट नकळत चक्रवाढ व्याज आकारत असते. म्हणूनच जमेच्या तक्त्यात मुद्दल आणि व्याज असे दोन रकाने सुचवले आहेत. मुद्दलाची थकबाकी म्हणजे आरंभीची मुद्दल बाकी, अधिक त्या फ्लॅटच्या सर्व बिलांतील मुद्दल, वजा त्या फ्लॅटची मुद्दलापोटीची जमा. दोन्ही बेरजा सम-इफ्स या फंक्शनने मिळतात, ज्यात कोणता रकाना बेरजेचा, कोणत्या रकान्यात फ्लॅट शोधायचा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी घ्यायच्या एवढेच सांगायचे असते. व्याजाची बाकीही अशीच स्वतंत्र काढायची, आणि तिच्यावर पुन्हा व्याजाचे सूत्र लावायचे नाही.

दिवसांवर आकारायचे की महिन्यावर, हेही आधीच ठरवून घ्यावे. ३,००० रुपयांच्या थकबाकीवर २१ टक्के दराने तीस दिवसांचे व्याज ५१.७८ रुपये होते, आणि वर्षाचा बारावा भाग धरला तर ५२.५० रुपये. फरक पैशांचा आहे, पण एका महिन्यात एक पद्धत आणि दुसऱ्या महिन्यात दुसरी वापरली गेली, की हिशेब समजावून सांगणे अशक्य होते. ‘राउंड’ फंक्शन प्रत्येक फ्लॅटच्या रकमेला लावावे, बेरजेला लावू नये. नाहीतर छापील बिलांची बेरीज आणि शीटची बेरीज यांत एखाद-दुसऱ्या रुपयाची तफावत राहते.

बँकेचा उतारा

वेळ सर्वांत जास्त खाणारे काम हेच आहे, आणि पॉवर क्वेरीचा उपयोगही येथेच सर्वांत जास्त होतो. पॉवर क्वेरी एक्सेल २०१६ पासून ‘डेटा’ या टॅबमध्ये अंगभूत आहे. संगणकावर एक फोल्डर करावे आणि दर महिन्याला बँकेतून उतरवलेला उतारा, नाव बदलून का होईना, त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. मग ‘गेट डेटा’, ‘फ्रॉम फाइल’, ‘फ्रॉम फोल्डर’ या मार्गाने ते फोल्डर दाखवून ‘कम्बाइन अँड ट्रान्सफॉर्म’ निवडावे. येथून पुढे केलेली प्रत्येक कृती उजवीकडच्या यादीत पायरी म्हणून नोंदली जाते. वरच्या पत्त्याच्या व खाते क्रमांकाच्या ओळी काढणे, मथळ्यांची ओळ वर नेणे, तारखेचा प्रकार ‘यूझिंग लोकॅल’ वापरून भारतीय तारीख म्हणून ठरवणे, रकमेतले स्वल्पविराम काढून तिला संख्या करणे, आणि जमा रिकामी असलेल्या ओळी गाळणे, एवढ्या पायऱ्या साधारणपणे लागतात. त्या एकदाच करायच्या. पुढच्या महिन्यात फोल्डरमध्ये नवी फाइल टाकून ‘रिफ्रेश ऑल’ दाबले की त्याच पायऱ्या तिच्यावरही चालतात.

वरच्या नेमक्या किती ओळी काढायच्या हा आकडा पायरीत घालणे धोक्याचे आहे, कारण बँक मध्येच एखादी सूचना छापू लागते आणि सगळे एका ओळीने सरकते. त्याऐवजी ज्या ओळींच्या पहिल्या रकान्यात तारीख म्हणून वाचता येईल असे काही नाही, त्या गाळाव्यात. त्यासाठी प्रकार बदलल्यावर ‘रिमूव्ह एरर्स’ आणि रिकाम्या ओळी काढणे पुरते. या पद्धतीत मथळ्यांची ओळही गाळली जाते, म्हणून रकान्यांना नावे आपणच द्यावीत.

दोन उताऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर तोच व्यवहार दोनदा येतो. दुबार ओळी काढताना तारीख आणि रक्कम एवढेच पाहिले, तर एकाच दिवशी तेवढीच रक्कम भरणाऱ्या दोन सभासदांपैकी एकाची जमा नाहीशी होते, आणि सर्वांचे बिल जवळजवळ सारखे असलेल्या संस्थेत असे वारंवार घडते. उताऱ्यातला शिल्लक रकमेचा रकाना येथे कामी येतो. तोच व्यवहार दोनदा आला असेल तर शिल्लकही तीच असते, दोन वेगळे व्यवहार असतील तर ती वेगळी असते. म्हणून तारीख, तपशील, रक्कम आणि शिल्लक हे चारही रकाने निवडूनच ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ करावे.

आता पैसे कोणाचे, हा प्रश्न. यूपीआयच्या तपशिलात कधी सभासदाचे नाव असते, कधी त्याच्या मुलीचे, कधी नुसता एक पत्ता. यासाठी ओळखीचा एक छोटा तक्ता करावा: एका रकान्यात तपशिलात नेहमी येणारा मजकुराचा तुकडा, दुसऱ्यात फ्लॅटचा संकेत. एक्सेल ३६५ किंवा २०२१ असेल, तर उताऱ्याच्या शेजारी एक रकाना घेऊन ‘फिल्टर’ फंक्शनला असे सांगावे की ज्या तुकड्यांचा शोध ‘सर्च’ला या तपशिलात लागतो, त्यांचे संकेत दे. टेबलाच्या सेलमध्ये एकाहून अधिक उत्तरे मावत नाहीत, म्हणून दोन वेगळे तुकडे जुळले तर तेथे ‘स्पिल’ची त्रुटी दिसते. ही त्रुटी आपल्या फायद्याची आहे. शंकास्पद नोंद स्वतःहून हात वर करते. या ओळखीच्या तक्त्यात रिकामी ओळ मात्र राहू देऊ नये, कारण रिकामा मजकूर प्रत्येक तपशिलात ‘सापडतो’. पॉवर क्वेरीत अंदाजे जुळवणीची सोयही आहे, पण पैशांच्या नोंदींसाठी ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. न जुळलेली नोंद हाताने पाहायला दोन मिनिटे लागतात, चुकीची जुळलेली नोंद शोधायला वार्षिक सभा उजाडते.

न जुळलेल्या ओळीचा संकेत उताऱ्याच्या शेजारी हाताने टाइप करण्याचा मोह होतो, तो टाळावा. रिफ्रेश झाल्यावर ओळींचा क्रम बदलू शकतो आणि हाताने लिहिलेले शब्द जागच्या जागी राहून भलत्याच ओळीसमोर येतात. दुरुस्ती नेहमी ओळखीच्या तक्त्यात करावी. म्हणजे तीच व्यक्ती पुढच्या वेळी आपोआप ओळखली जाते. पैसे भरताना शेऱ्यात फ्लॅटचा संकेत लिहावा अशी विनंती बिलावरच छापली, तर काही महिन्यांत हा तक्ता वाढायचा थांबतो.

मॅक्रो कोठे आणि किती

इथवर आल्यावर हाताने करायची दोनच मोठी कामे उरतात: चालू महिन्याची बिले कायमच्या नोंदीत घालणे, आणि प्रत्येक फ्लॅटचे बिल पीडीएफ करणे.

पहिल्याचे कारण असे. चालू बिलाची शीट सूत्रांवर चालते, म्हणून उद्या एखाद्या सभासदाने वाहनतळाची दुसरी जागा घेतली की ती बदलते. निघालेले बिल मात्र बदलता कामा नये. त्यामुळे महिन्यातून एकदा चालू शीटमधील आकडे, सूत्रे वगळून नुसती मूल्ये, बिलांच्या टेबलाच्या तळाशी चिकटवायची असतात. ‘डेव्हलपर’ हा टॅब पर्यायांतून सुरू करून ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबावे आणि हीच कृती एकदा करून दाखवावी. नोंदवण्यापूर्वी ‘यूझ रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू केले नाही, तर मॅक्रो चिकटवण्याच्या सेलचा पत्ता जसाच्या तसा लक्षात ठेवतो आणि पुढच्या महिन्यात मागच्या महिन्याच्याच बिलांवर नवी बिले लिहितो. याला एक पहाराही हवा. मॅक्रोच्या सुरुवातीला काउंट-इफ्सने पाहावे की बिलांच्या टेबलात या महिन्याची एखादी ओळ आधीच आहे का. असेल तर संदेश देऊन थांबावे. हा पहारा नसेल आणि बटण दोनदा दाबले गेले, तर सगळ्या सोसायटीला दुहेरी बिल लागते. मॅक्रोने केलेले ‘अनडू’ने मागे घेता येत नाही, म्हणून बटण दाबण्यापूर्वी फाइलची प्रत जपून ठेवावी.

दुसऱ्या कामासाठी बिलाच्या नमुन्याची एक शीट करावी, ज्यात केवळ एका सेलमध्ये फ्लॅटचा संकेत असतो आणि बाकीचे सारे लुकअपने भरले जाते. मॅक्रोने सभासदांच्या टेबलातला प्रत्येक संकेत त्या सेलमध्ये टाकायचा आणि शीट पीडीएफ म्हणून संकेत व महिना यांच्या नावाने जतन करायची. हे नोंदवून होत नाही, त्यासाठी फेरा, म्हणजे प्रत्येक फ्लॅटसाठी तीच कृती पुन्हा करणारा लूप लिहावा लागतो. पण तो दहा-पंधरा ओळींचा असतो, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने असा मजकूर सहज लिहून देतात. त्यांना मथळे आणि दोन-तीन काल्पनिक ओळी द्याव्यात. सभासदांची यादी आणि बँकेचा उतारा तेथे चिकटवू नये. मिळालेला मॅक्रो आधी प्रतीवर चालवून पाहावा. फाइल मॅक्रोसह जतन करण्याचा वेगळा प्रकार निवडावा लागतो, आणि ईमेलने आलेल्या अशा फाइलमधले मॅक्रो २०२२ पासून एक्सेल मुळातच रोखून धरते. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ केल्यावरच ते चालतात.

संस्था गूगल शीट्स वापरत असेल तर मॅक्रोची जागा ‘ॲप्स स्क्रिप्ट’ घेते. तिचा मोठा लाभ म्हणजे वेळेवर आपोआप चालणारे ट्रिगर, म्हणजे दर महिन्याच्या पाच तारखेला थकबाकीदारांना स्मरणपत्र कोणीही संगणक न उघडता जाऊ शकते. मोफत खात्यावरून अशी पत्रे दिवसाला शंभर जणांनाच पाठवता येतात. छोट्या संस्थेला ही मर्यादा आड येत नाही, मोठ्या संकुलाने इमारतीनुसार दिवस वाटून घ्यावेत.

ताळा आणि फाइल सोपवणे

आपोआप झालेला हिशेब आपोआप बरोबर असतोच असे नाही, म्हणून एक शीट केवळ ताळ्यासाठी ठेवावी. तिच्यात चार गोष्टी पुरतात. आरंभीची एकूण बाकी अधिक बिले वजा जमा ही रक्कम फ्लॅटवार बाक्यांच्या बेरजेइतकी आहे का? उताऱ्यातील सभासदांकडून आलेल्या रकमांची बेरीज जमेच्या तक्त्यातील बँकेमार्फतच्या रकमांइतकी आहे का? या महिन्याच्या बिलांची संख्या फ्लॅटच्या संख्येइतकी आहे का? आणि फ्लॅट न ओळखलेल्या नोंदी किती उरल्या? प्रत्येक उत्तरासमोर फरक दाखवावा आणि तो शून्य नसेल तर ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ने सेल लाल करावा. सूत्रांतल्या त्रुटी ‘इफ-एरर’ने शून्य करून झाकण्याची सवय येथे घातक ठरते, फ्लॅट सापडला नाही आणि बिल शून्य निघाले, या दोन गोष्टी एकसारख्या दिसता कामा नयेत. पहिले दोन महिने जुनी पद्धत सोबत चालू ठेवून दोन्हींचे आकडे फ्लॅटवार ताडून पाहावेत. फरक निघाला, तर जुन्या शीटवरही शंका घ्यावी; चक्रवाढ व्याज सहसा याच वेळी उघडकीस येते.

‘प्रोटेक्ट शीट’ने सूत्रांचे सेल बंद करता येतात, आणि ते करावे, परंतु ती सोय चुकून होणारे बदल टाळण्यापुरती आहे, गोपनीयतेसाठी नाही. फाइल उघडण्यालाच परवलीचा शब्द लावणे वेगळे. तो शब्द समितीच्या किमान दोन सदस्यांकडे असावा.

समिती बदलते, खजिनदार बदलतो, आणि फाइल नव्या संगणकावर जाते. तेव्हा सर्वप्रथम मोडते ती पॉवर क्वेरी, कारण फोल्डरचा पत्ता जुन्या संगणकावरच्या वापरकर्त्याच्या नावाचा असतो. ‘गेट डेटा’च्या यादीत तळाशी ‘डेटा सोर्स सेटिंग्ज’ आहे. तेथे ‘चेंज सोर्स’ करून नव्या फोल्डरचा पत्ता द्यावा आणि जुने सगळे उतारे त्या फोल्डरमध्ये आधीच ठेवलेले असावेत, अन्यथा रिफ्रेश होताच मागच्या महिन्यांच्या जमा उताऱ्याच्या टेबलातून नाहीशा होतात. हा पत्ता, मॅक्रोंची नावे व त्यांची कामे, व्याजाची ठरलेली पद्धत आणि महिनाअखेरचा क्रम हे सारे फाइलच्या पहिल्याच शीटवर मराठीत लिहून ठेवावे, आणि त्यात बदल झाला की बदलाची तारीख घालावी.